जिओमॅपॲप : सागरतळ प्रसरणाचा पुरावा हाताळून पाहण्याचे साधन

सागरतळ प्रसरणाची, म्हणजे महासागरात नवा तळ तयार होऊन दोन्हीकडे सरकत जाण्याच्या प्रक्रियेची, ओळख करून देणाऱ्या बहुतेक चित्रांत आणि चित्रफितींत निष्कर्ष आधी सांगितलेला असतो. मधोमध एक भेग, तिच्यातून वर येणारा लालभडक शिलारस, दोन्हीकडे जाणारे बाण आणि बाणांखाली आलटून पालटून रंगवलेले काळे-पांढरे पट्टे. पाहणाऱ्याने मान डोलवावी, एवढीच अपेक्षा असते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट-डोहर्टी भूवेधशाळेने विकसित केलेले जिओमॅपॲप हे मोफत सॉफ्टवेअर या पठडीतले नाही. त्यात बाण नाहीत, निवेदकाचा आवाज नाही, धडेही जवळजवळ नाहीत. त्यात जगाच्या महासागरांचा नकाशा आहे आणि त्या नकाशावर एकेक करून चढवता येतील असे मोजणीचे संच आहेत. या सॉफ्टवेअरची मूळ उभारणी विल्यम हॅक्स्बी यांची. १९८०च्या दशकात सीसॅट उपग्रहाच्या मोजणीतून महासागरांच्या गुरुत्वक्षेत्राचा नकाशा तयार करून सागरतळाची ठेवण प्रथमच एकसंधपणे दाखवणारे हे संशोधक, आणि त्यांची नकाशाकाराची शिस्त या साधनात जागोजागी जाणवते.

अशा साधनाचे परीक्षण करताना मी एकच कसोटी लावली आहे : जे प्रत्यक्ष मोजले गेले आणि जे मोजणीवरून अनुमानाने ठरवले गेले, यांतील सीमा हे साधन वापरणाऱ्याला कितपत दिसू देते? सागरतळ प्रसरणाच्या बाबतीत ही कसोटी महत्त्वाची आहे, कारण ही कल्पना कोणी डोळ्यांनी पाहून मांडली नव्हती. भूवैज्ञानिक हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात मध्यमहासागरी पर्वतरांगांच्या माथ्यावर नवा सागरतळ तयार होतो, तो दोन्हीकडे सरकतो आणि शेवटी खोल गर्तांमध्ये पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो असे मांडले, तेव्हा त्या लेखाला त्यांनी स्वतःच 'भूकाव्य' म्हटले होते. प्रक्रियेला 'सागरतळ प्रसरण' हे नाव रॉबर्ट डिट्झ यांनी त्याआधी १९६१ मध्ये दिले. कल्पना काव्याच्या पातळीवरून विज्ञानाच्या पातळीवर आली ती नंतरच्या सहासात वर्षांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या पद्धतींनी गोळा केलेल्या पुराव्यांमुळे. आणि ते पुरावे वेगवेगळे ठेवून पाहता येणे हेच या सॉफ्टवेअरचे खरे बलस्थान आहे.

सॉफ्टवेअर उघडताच उंची-खोलीचा मूळ नकाशा समोर येतो. अटलांटिकच्या मध्यातून, आफ्रिकेच्या दक्षिणेकडून हिंदी महासागरात आणि तेथून पुढे पॅसिफिकमध्ये जाणारी, सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची पर्वतरांग पहिल्याच नजरेत ओळखता येते. मेरी थार्प यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जहाजांवरील प्रतिध्वनिमापनाच्या तुटक नोंदी हाताने कागदावर उतरवून उत्तर अटलांटिकमधील रांगेच्या माथ्यावर खचदरी असल्याचे दाखवले, तेव्हा त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन यांनी ते निरीक्षण सुरुवातीला झटकून टाकले होते. खचदरी मान्य केली तर तळ दुभंगतो आहे हेही मान्य करावे लागले असते, आणि त्या काळात खंडांच्या सरकण्याचे नाव काढणे प्रतिष्ठेला बाधक होते. आज तीच दरी नकाशावर मोठी करून पाहायला क्षणभर पुरतो, आणि हा सोपेपणा काहीसा फसवाही आहे.

कारण महासागराच्या तळाचा सुमारे पाव भागच आजवर जहाजांवरील आधुनिक उपकरणांनी बारकाईने मोजला गेला आहे. उरलेल्या भागाची खोली मुख्यतः उपग्रहांनी टिपलेल्या समुद्रपृष्ठाच्या चढ-उतारांवरून काढलेली आहे : तळावरील पर्वताच्या वस्तुमानामुळे त्याच्याकडे पाणी किंचित ओढले जाते, पृष्ठभागाला अल्पसा उंचवटा येतो आणि त्यावरून खालच्या आकाराचा अंदाज बांधता येतो. जिओमॅपॲपमध्ये एक साधे बटण आहे, जे दाबल्यावर जहाजाने बारकाईने न मोजलेला सगळा भाग काळवंडतो आणि मोजलेले पट्टे तेवढे उजळ राहतात. इतका प्रामाणिक नकाशा मला दुसरीकडे आढळलेला नाही. डोळ्यांना सुखावणारे चित्र किती विरळ मोजणीवर उभे आहे हे स्वतःच्याच नकाशावर दाखवून देणाऱ्याला धाडस लागते, आणि या एका बटणासाठीही हे सॉफ्टवेअर उतरवून घेण्यासारखे आहे.

दुसरी सुविधा रेषाच्छेदाची. नकाशावर दोन बिंदू जोडले की त्या रेषेवरील खोलीचा आलेख वेगळ्या चौकटीत मिळतो. या आलेखाचा पुरेपूर उपयोग करायचा असेल, तर दोन रेषा ओढाव्यात : एक उत्तर अटलांटिकमधील रांगेला आडवी आणि दुसरी पूर्व पॅसिफिक उंचवट्याला आडवी. दोन्ही ठिकाणी माथा समुद्रपातळीखाली साधारण अडीच किलोमीटरवर आढळतो आणि दोन्हीकडे तळ उतरत जातो, पण अटलांटिकमध्ये उतार तीव्र व खडबडीत आहे, तर पॅसिफिकमध्ये तो इतका सावकाश आहे की त्याला पर्वतरांग म्हणणे जड जावे. हा फरक आकाराचा नसून गतीचा आहे. नवा तळ तप्त असल्यामुळे फुगलेला असतो. माथ्यापासून दूर जाता जाता तो थंड होतो, आकुंचन पावतो आणि खचतो. सात कोटी वर्षांपर्यंतच्या तळासाठी हे खचणे वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते : किलोमीटरमधील खोली म्हणजे २.५ अधिक दशलक्ष वर्षांतील वयाच्या वर्गमुळाची ०.३५ पट. अडीच कोटी वर्षे वयाच्या तळासाठी हे उत्तर ४.२५ किलोमीटर येते. रांगेच्या प्रत्येक बाजूला वर्षाला १.२५ सेंटिमीटर गतीने सरकणाऱ्या अटलांटिकच्या तळाला अडीच कोटी वर्षांत ३१२ किलोमीटर अंतर कापता येते, तर प्रत्येक बाजूला ७ सेंटिमीटर गतीने सरकणाऱ्या पूर्व पॅसिफिकच्या तळाला १,७५० किलोमीटर. अंतर पाचपटीहून अधिक वेगळे आणि खोली जवळपास तीच, हे दोन आलेख शेजारी ठेवल्यावर समजते. तळ माथ्यावर जन्म घेऊन सरकत नसता, तर खोलीने अंतराऐवजी वयाचा हिशेब पाळण्याचे काही कारण उरले नसते. नुसत्या खोलीच्या नकाशातून इतका बोलका पुरावा निघतो, हे अनेक पाठ्यपुस्तकांत पुरेशा ठळकपणे येत नाही.

चुंबकीय पुराव्याचा भाग अर्थातच सर्वांत समृद्ध आहे आणि वापरायला सर्वांत अवघडही. सॉफ्टवेअरमध्ये संशोधन जहाजांच्या मार्गांचा संच चढवता येतो; एखादा मार्ग निवडला की त्यावर नोंदलेले गुरुत्व, चुंबकीय विसंगती (म्हणजे अपेक्षित क्षेत्रापेक्षा मोजलेले क्षेत्र किती कमी-जास्त आहे तो फरक) आणि खोली यांचे आलेख एकाखाली एक दिसतात. येथे काळे-पांढरे पट्टे नाहीत. वर-खाली होणारी एक वेडीवाकडी रेषा आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ठिकाणानुसार साधारण ३०,००० ते ६०,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) यांच्या दरम्यान असते आणि या रेषेचे चढउतार त्यात केवळ काहीशे नॅनोटेस्लांचे असतात. सागरतळ ज्या ज्वालामुखीय खडकाचा बनतो तो बेसाल्ट थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटसारखी खनिजे त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. हे क्षेत्र भूतकाळात अनेकदा उलटले आहे : ते आजच्यासारखे असताना गोठलेला तळ आजच्या क्षेत्रात भर घालतो आणि क्षेत्र उलटे असताना गोठलेला तळ त्यातून वजाबाकी करतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ १९५५ पासून 'पायोनियर' जहाजाने केलेल्या मोजणीतून रोनाल्ड मेसन आणि आर्थर रॅफ यांना समांतर पट्ट्यांचा नमुना मिळाला होता, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. केंब्रिजमधील फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी हिंदी महासागराच्या वायव्य भागातील कार्ल्सबर्ग रांगेवरील मोजणीच्या आधारे सप्टेंबर १९६३ मध्ये तो अर्थ लावला : पट्टे म्हणजे उलटत राहिलेल्या क्षेत्राची सरकत्या तळावर उमटलेली नोंद. कॅनडाचे लॉरेन्स मॉर्ले त्याच निष्कर्षाला स्वतंत्रपणे पोहोचले होते, मात्र त्यांचा लेख दोन नियतकालिकांनी नाकारला.

आता एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : १९६३ मध्येच स्पष्टीकरण उपलब्ध असताना बहुसंख्य भूवैज्ञानिकांना पटायला १९६६ का उजाडावे लागले? जिओमॅपॲपमध्ये मंद आणि जलद प्रसरणाच्या रांगांवरील चुंबकीय आलेख एकामागून एक पाहिले, तर याचे निम्मे उत्तर डोळ्यांसमोर येते. पृथ्वीचे क्षेत्र सुमारे १० लाख वर्षांपूर्वी, जेमतेम ८० हजार वर्षांसाठी, आजच्या दिशेला वळून पुन्हा उलटले होते. या घटनेला हारामिल्यो म्हणतात. एका बाजूला वर्षाला एक सेंटिमीटर सरकणाऱ्या रांगेवर या घटनेचा पट्टा फक्त ८०० मीटर रुंद असतो, आणि जहाजावरील चुंबकमापक त्याच्या दोन-तीन किलोमीटर वर तरंगत असल्यामुळे तो शेजारच्या पट्ट्यांत विरघळून जातो. साडेचार सेंटिमीटर गतीच्या रांगेवर तोच पट्टा ३.६ किलोमीटर रुंद होतो आणि स्पष्ट दिसतो. दक्षिण पॅसिफिकमधील पॅसिफिक-अंटार्क्टिक रांगेवर 'एल्टानिन' जहाजाच्या एकोणिसाव्या सफरीत नोंदलेला आलेख नेमका अशा जलद रांगेवरचा होता. वॉल्टर पिटमन आणि जेम्स हर्ट्झलर यांनी तो १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा डावा भाग उजव्या भागावर उलटवून ठेवला तर जवळपास जुळतो. त्याच सुमारास ॲलन कॉक्स, रिचर्ड डोएल आणि ब्रेंट डॅलरिंपल या तिघांनी जमिनीवरील लाव्हाच्या थरांचे वय मोजून क्षेत्रबदलांचे जे कालपत्रक तयार केले, त्याच्याशीही तो आलेख जुळला. ज्वालामुखीच्या उतारांवरील थरांची उभी रचना आणि समुद्रतळावरील पट्ट्यांची आडवी रचना एकाच क्रमाची साक्ष देतात, हा योगायोग मानणे त्यानंतर कठीण झाले. सॉफ्टवेअर ही कथा सांगत नाही, पण ती स्वतः तपासण्याची सामग्री हातात देते, आणि जाणत्या शिक्षकाला तेवढे पुरेसे आहे.

याउलट, ज्या स्तराचे सर्वाधिक कौतुक होते त्या सागरतळाच्या वयाच्या रंगीत स्तराबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती सॉफ्टवेअरपेक्षा त्याच्या वापराबद्दल अधिक आहे. भूभौतिकशास्त्रज्ञ डिटमार म्युलर आणि सहकाऱ्यांच्या संकलनावर आधारलेला हा स्तर अतिशय देखणा आहे : माथ्यालगत लाल, मग पिवळा, हिरवा आणि पश्चिम पॅसिफिकच्या कोपऱ्यात सुमारे १८ कोटी वर्षे वयाचा सर्वांत जुना तळ निळ्या छटेत. खंडांवर ४०० कोटी वर्षांचे खडक सापडत असताना महासागरांचा तळ इतका तरुण असावा, ही गोष्ट या चित्राने जितकी ठसते तितकी शब्दांनी ठसत नाही. तथापि हे चित्र प्रसरणाचा पुरावा म्हणून दाखवले जाते तेव्हा तर्क गोल फिरतो. या नकाशातील वय बहुतांश ठिकाणी खडक काढून मोजलेले नाही. चुंबकीय विसंगती ओळखून, प्रसरण गृहीत धरून आणि मधल्या जागा गणिताने भरून ते काढलेले आहे. सुमारे १२.१ ते ८.३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात तर क्षेत्र जवळजवळ चार कोटी वर्षे उलटलेच नाही, त्यामुळे त्या वयाच्या विस्तीर्ण तळावर मोजायला पट्टेच नाहीत आणि तेथील रंगांची सलग छटा सर्वस्वी अनुमानाची आहे. मूळ संकलनाबरोबर वयातील अनिश्चिततेचा संचही प्रसिद्ध झाला आहे. तो शेजारी न ठेवता वयाचा स्तर दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खोलीच्या नकाशाला जसे मोजलेले आणि न मोजलेले वेगळे करणारे बटण दिले आहे, तसे या स्तरालाही असते तर मी या सॉफ्टवेअरला जवळपास निर्दोष म्हटले असते.

सुदैवाने हा गोल तर्क तोडण्याचे साधनही याच पेटीत आहे. सागरतळावर घेतलेल्या छिद्रांचा संच चढवला की 'ग्लोमार चॅलेंजर' जहाजाने १९६८ च्या अखेरीस दक्षिण अटलांटिकमध्ये सुरू केलेल्या तिसऱ्या सफरीतील छिद्रांची रांग नकाशावर दिसते. त्या छिद्रांमध्ये बेसाल्टच्या लगेच वर सापडलेल्या गाळाचे वय सूक्ष्म जीवाश्मांवरून ठरवले गेले. या पद्धतीचा चुंबकत्वाशी काहीही संबंध नव्हता, आणि तरीही वय माथ्यापासूनच्या अंतराबरोबर सरळ रेषेत वाढत गेले. गती निघाली एका बाजूला वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर, म्हणजे चुंबकीय पट्ट्यांवरून आधीच वर्तवलेली. शिकवताना क्रम असा ठेवावा : आधी छिद्रे, मग चुंबकीय आलेख, आणि वयाचा रंगीत नकाशा सर्वांत शेवटी, फळ म्हणून.

भूकंपांचा स्तर पटकन समजतो आणि तितक्याच पटकन एक मोठा पेच सोडवतो. विषुववृत्ताजवळच्या अटलांटिकमध्ये रोमांश विभंगाच्या, म्हणजे रांगेला आडव्या जाणाऱ्या एका लांब चिरेच्या, ठिकाणी पर्वतरांग सुमारे ९०० किलोमीटरने बाजूला सरकलेली दिसते. तळ एखाद्या साध्या भ्रंशाने कापून सरकवला असता, तर भूकंप त्या संपूर्ण चिरेवर विखुरलेले असते. नकाशावर ते रांगेच्या दोन तुकड्यांच्या मधल्या भागातच दाटलेले आढळतात. बाहेर शेकडो किलोमीटर चालू राहणारी चीर जवळजवळ शांत आहे. ट्यूझो विल्सन यांनी १९६५ मध्ये रांगेच्या दोन तुकड्यांना जोडणाऱ्या अशा भ्रंशांना रूपांतर भ्रंश म्हटले आणि त्यांवरील सरकण्याची दिशा वरवर दिसणाऱ्या विस्थापनाच्या उलट असली पाहिजे असे भाकीत केले. लिन साइक्स यांनी भूकंपलहरींच्या पहिल्या हालचालीवरून १९६७ मध्ये ते खरे ठरवले. सॉफ्टवेअरमधील भूकंपयंत्रणेची (भूकंपात भ्रंश कोणत्या दिशेने सरकला ते दाखवणारी) गोल चिन्हे वाचता येत असतील, तर साइक्स यांचा निष्कर्ष आपणही पडताळू शकतो. न येत असतील तर ती चिन्हे शोभेची राहतात, कारण त्यांची किल्ली सॉफ्टवेअर समजावून देत नाही.

हे साधन काय दाखवू शकत नाही, हेही नोंदवले पाहिजे. तळ का सरकतो, याचे उत्तर नकाशात नाही. वर येणाऱ्या प्रावरणावरील (कवचाखालच्या जाड खडकाळ थरावरील) दाब कमी झाल्यामुळे त्याचा काही अंश वितळतो, तो रस सहा-सात किलोमीटर जाडीचे कवच घडवतो, आणि या कवचात वर उशांच्या आकाराचा लाव्हा, त्याखाली उभ्या भित्तींचा (भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या पातळ भिंतींचा) थर व तळाशी गॅब्रो हा खोलवर सावकाश गोठलेला खडक असतो. ही सारी रचना समजण्यासाठी ओमान किंवा सायप्रसमध्ये जमिनीवर आलेल्या जुन्या सागरतळाचे खडकच पाहावे लागतात. हेस यांना पर्वतरांगांखाली प्रावरणाचे प्रवाह जोर लावून तळ फाकवत असल्याचे वाटत होते. आजच्या समजुतीनुसार रांगेखालचे प्रावरण बहुतांशी निष्क्रियपणे, रिकामी होणारी जागा भरण्यासाठी वर येते आणि मुख्य ओढ दूरच्या गर्तांमध्ये बुडणाऱ्या जड, थंड भूपट्टाची असते. त्यामुळे भूकंपांच्या स्तरातच गर्तांखाली तिरपे खोल जाणारे, सुमारे ७०० किलोमीटरपर्यंत पोहोचणारे भूकंप पाहण्याची सवय लावून घ्यावी. प्रसरणाचे मुख्य कारण तेथे आहे, माथ्यावर नाही.

व्यवहाराच्या बाजूने थोडेसे. सॉफ्टवेअर जावा या संगणकीय भाषेवर चालणारे, डेस्कटॉपसाठी बनवलेले आहे. त्याचे सर्व नकाशे इंटरनेटवरून येतात, त्यामुळे जोडणी मंद असेल तर संयम लागतो. मांडणी जुन्या वळणाची आहे आणि सर्व सूचना इंग्रजीत आहेत. मेनूंची नावे संशोधकांच्या सोयीने ठेवलेली असल्याने नवख्याला पहिली बैठक चाचपडण्यातच घालवावी लागेल. शालेय विद्यार्थ्याच्या हाती हे एकट्याने देऊ नये. महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक आणि भूविज्ञानाची गोडी असलेले चिकाटीचे वाचक यांना मात्र याच्या तोडीचे दुसरे मोफत साधन मिळणे कठीण आहे. स्वतःकडील आकड्यांची सारणी नकाशावर चढवण्याची सोय असल्यामुळे वर सांगितलेला वय-खोलीचा हिशेब करून तो थेट नकाशाशी ताडता येतो.

एक सावधगिरी सुरुवातीलाच घ्यावी. प्रारंभी प्रक्षेप (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत) निवडताना बहुतेक जण मर्केटर निवडतात, आणि त्यात ६० अंश अक्षांशावर सर्व अंतरे दुप्पट दिसतात. आइसलँडच्या दक्षिणेकडील रेक्यानेस रांगेभोवतीचे पट्टे विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यांशेजारी डोळ्यांनी तोलले, तर ती रांग आहे त्याहून जलद वाटेल. म्हणून अंतर नेहमी मोजपट्टीच्या सुविधेनेच घ्यावे. आर्क्टिकमधील गॅकेल रांग पाहायची असेल, तर उत्तर ध्रुवीय प्रक्षेपच हवा. वर्षाला दीड सेंटिमीटरहूनही कमी गतीने फाकणारी ही जगातील सर्वांत मंद रांग आहे, आणि तेथे कवच इतके पातळ आहे की काही भागांत प्रावरणाचे खडकच सागरतळावर उघडे पडले आहेत.